नवा उत्सव, जुन्या कथा : वर्धापन दिन ठरविताना

श्री महादेवाच्या कृपेने आणि गावातील थोरामोठ्यांच्या, मायबहिणींच्या व तरुण मंडळींच्या कष्टाने आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. वैशाख शुद्ध तृतीयेच्या शुभमुहूर्तावर कलशारोहण पार पडले. आता स्मरणिका निघत आहे आणि समितीने मज कारकुनासही चार शब्द लिहावयास सांगितले. माझे शिक्षण एस. एस. सी.पर्यंतच झालेले. तालुक्याच्या कचेरीत जुनी दप्तरे काढणे, नकला देणे, रजिस्टरे लिहिणे हे माझे काम. वेदशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु दप्तराशी रोजचा संबंध असल्याने तारखा आणि तिथी यांची मला गोडी लागली. त्या आधारे एका प्रश्नावर लिहीत आहे, कारण तो प्रश्न सध्या आपल्या पारावर रोज रात्री चर्चिला जातो.

प्रश्न असा. दरवर्षी मंदिराचा वर्धापन दिन साजरा करावयाचा हे तर सर्वानुमते ठरले. पण तो तिथीने करावा की तारखेने? की स्वतंत्र दिवस न ठेवता महाशिवरात्रीच्या यात्रेतच मिळवावा? त्या दिवशी कीर्तनाला कथा कोणती लावावी, मिरवणुकीत देखावा कशाचा करावा? तरुण मंडळींना त्रिपुरासुराचा वध पाहिजे. जाणत्या मंडळींपैकी काहींचे म्हणणे समुद्रमंथन घ्यावे, कारण जगासाठी विष पिणारा तो आपला देव. माळकरी मंडळी म्हणतात की देखावे नकोत, सप्ताह बसवा. अजून भांडण झालेले नाही, पण आवाज चढू लागले आहेत. अशा वेळी आपल्या आधीच्या लोकांनी नवे उत्सव उभे करताना काय केले, हे पाहिले तर उपयोग होईल असे वाटल्याने हा लेख.

सण कसे घडतात

आपण समजतो की सण आभाळातून पडले. तसे नाही. सणाची तिथी जुनी असते, पण त्या तिथीला कोणती कथा सांगायची हे माणसे ठरवितात, आणि पुष्कळदा बदलतातही. बलिप्रतिपदेचेच पाहा. पुराणात वामनाने बळीराजाला पाताळात घातले अशी कथा आहे. पण आपल्या मायबहिणी ओवाळताना बळीचे राज्य येवो असेच म्हणतात. पराभूत राजाच्या नावाने आशीर्वाद द्यायचा, हे शेतकऱ्याच्या घरातच घडू शकते. महात्मा फुल्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ह्याच बळीला कष्टकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणले. दिवस एक, कथा दोन. आणि दोन्ही आजतागायत चालू आहेत.

आपल्या लातूर भागातील येळवस घ्या. मार्गशीर्ष अमावास्येला सारे गाव शेतात जाते. कडब्याची कोप करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, भज्जी आणि आंबिलीचे वनभोजन होते. हा सण कर्नाटकाच्या बाजूने आपल्याकडे आला असे जाणकार सांगतात. त्याला मोठे पुराण नाही. रानातली ज्वारी, हरभरा, तूर भरात आलेली असते, म्हणून सण. पांडव त्याला नंतर येऊन बसले असावेत. तरी त्या दिवशी लातूर शहरातील रस्ते ओस पडतात आणि जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात. हे शासनाच्या कागदाने झाले नाही. लोक आधी रानात गेले, कागद मागून आला.

नांदेडचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथील सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातून होळीच्या दुसऱ्या दिवशी हल्ला महल्ला निघतो. घोडे, निशाणे, शस्त्रे घेऊन शीख बांधव धावत निघतात तो देखावा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ही प्रथा दहावे गुरू श्री गुरू गोविंदसिंगजी यांनी पंजाबात आनंदपूर येथे सुरू केली. १७०८ साली नांदेडला त्यांचे देहावसान झाले. लोक होळीला रंग खेळत असत. गुरूंनी होळी बंद करा असे सांगितले नाही. होळीला लागूनच दुसरा दिवस धरला आणि त्याला शस्त्रविद्येचा व युद्धसरावाचा अर्थ दिला. लोकांच्या अंगात आधीच असलेला उत्साह त्यांनी नव्या कामाला लावला. नवा सण उभा करण्याची ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुण्याचा गणपती

नव्या उत्सवाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सव. घरोघरी गणपती फार पूर्वीपासून बसत होता. पेशव्यांच्या शनिवारवाड्यातही मोठा उत्सव होई. परंतु चौकात, सर्वांच्या वर्गणीने गणपती बसविण्याची चाल १८९२-९३च्या सुमारास पुण्यात पडली. भाऊसाहेब रंगारी, खासगीवाले, घोटवडेकर ही मंडळी त्यात आघाडीवर होती. खासगीवाल्यांनी ग्वाल्हेरला तेथील दरबारचा उत्सव पाहिला होता. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्याला पाठिंबा दिला आणि १८९४ पासून त्याचा विस्तार केला. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ सालीच गणपती बसला. पहिला मान कोणाचा, यावर पुण्यात अजूनही वाद होतो. त्यात आपण पडावयाचे कारण नाही.

आपल्याला विचारायचे ते असे की, एवढ्या देवांतून गणपतीच का? कारणे साधी आहेत. गणपती कोणत्या एका जातीचा किंवा गावाचा देव नाही. प्रत्येक कार्यात तो पहिला. मूर्ती मातीची, म्हणून स्वस्त. दहा दिवस मिळतात, म्हणून व्याख्याने, मेळे, पोवाडे यांना जागा होते. शेवटी विसर्जनाची मिरवणूक, म्हणजे सारा गाव रस्त्यावर. इंग्रज सरकार राजकीय सभेवर डोळा ठेवी, पण धर्माच्या कामात हात घालण्यास कचरत असे. त्यात विघ्नहर्ता हे नाव. विघ्न कोणते, हे कोणी उघड बोलावे लागत नव्हते. भाऊसाहेब रंगारींचा गणपती तर राक्षसाला मारतानाचा आहे. पाहणाऱ्याने राक्षस ओळखावा.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजूही सांगणे कर्तव्य आहे. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. त्यापूर्वी पुण्यात हिंदू लोक मोहरमच्या ताबुतांत हौसेने नाचत. १८९४ पासून तेथे हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरविली आणि काही मेळ्यांच्या पदांत मुसलमानांविरुद्ध कडवट शब्द आले. एक उत्सव उभा राहिला आणि एक सामाईक उत्सव मोडला. आपल्या मराठवाड्यात अजून कित्येक गावांत मोहरमची सवारी हिंदूंच्या घरी थांबते, हिंदू नवस बोलतात. हे धन आपल्याकडे शिल्लक आहे. नवे करताना जुने काय मोडते, याकडेही डोळा असावा, एवढाच यातील बोध.

पुढे त्याच गणेशोत्सवात ब्राह्मणेतर मंडळींनी १९२०च्या दशकात आपला छत्रपती मेळा काढला. केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर ही नावे प्रसिद्ध आहेत. म्हणजे मंडप एकाने घातला म्हणून कथा त्याचीच राहते असे नाही. लोक आपली कथा घेऊन येतात, आणि त्यांना येऊ द्यावे लागते.

दादरची भवानी

येऊ दिले नाही तर काय होते, हे १९२६ साली दादरला दिसले. तेथील सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानलेल्या बांधवांनाही गणपतीच्या पूजेचा हक्क पाहिजे अशी मागणी झाली. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या मागणीच्या पाठीशी होते. वर्गणी सर्वांची आणि पूजा काहींचीच, हे कसे, असा सरळ प्रश्न होता. फार मोठा तंटा झाला. त्यानंतर प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला.

त्यांनी देवता निवडली ती भवानी. तुळजापूरची भवानी ही छत्रपती शिवाजी महाराजांची कुलदेवता आणि महाराष्ट्रातील अठरापगड जातींची आई. तिचा गोंधळ घालणारे गोंधळी, परडी मागणाऱ्या आराधिणी, पोत नाचविणारे भुत्ये हे सारे बहुजन समाजाचे. ह्या देवीच्या उत्सवात कोणाला बाहेर ठेवणे शोभलेच नसते. म्हणजे कथा निवडतानाच दार किती रुंद हे ठरून जाते. आपल्या भागातून दर अश्विनात किती माणसे पायी तुळजापूरला आणि माहूरला जातात! त्यांच्यात जात कोण विचारतो?

तिथी की तारीख

आता तिथी-तारखेचा वाद. हा वाद केवळ आपल्या पारावरचा नाही. शिवजयंतीचा उत्सव टिळकांनी १८९५ पासून उचलून धरला व १८९६च्या एप्रिलात रायगडावर मोठा उत्सव झाला. त्याच्या कितीतरी आधी, १८६९ साली, महात्मा फुल्यांनी महाराजांवर पोवाडा रचला होता. त्या काळी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ असा धरीत. पुढे जेधे शकावली उजेडात आली आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही मिती अभ्यासकांना अधिक भरवशाची वाटली. शकावली उजेडात आणणारे टिळकच, हे विशेष. शासनाने पुढे १९ फेब्रुवारी ही तारीख धरली. तरी काही मंडळी आजही तिथीने जयंती करतात. राजा एक, जयंत्या दोन-तीन. त्यातून बोध एवढाच की, कागद सापडला तर जुना समज सोडण्यात कमीपणा नाही, आणि ज्याची तिथीवर श्रद्धा आहे त्याला दूषण देण्याचेही कारण नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या बाबतीत फार विचारपूर्वक निवड केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तो दिवस विजयादशमीचा होता. दसऱ्याला आपण रामरावणाची किंवा महिषासुराची कथा सांगतो. बाबासाहेबांनी त्याच दिवसाला सम्राट अशोकाची कथा जोडली, की ज्याने युद्ध टाकून धम्म घेतला. तीच अशोक विजयादशमी. नागपूरच का, याचेही उत्तर त्यांनी दिले, की बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी. दिवस, स्थळ आणि कथा अशी तिन्ही त्यांनी एका धाग्यात ओवली. म्हणून आज कोणी दसऱ्याला जातो, कोणी १४ ऑक्टोबरला जातो, पण दीक्षाभूमीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आपला स्वतःचा नवा सण : १७ सप्टेंबर

हे सारे बाहेरचे झाले. आपल्या घरचा नवा सण म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

भारत स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ला. पण त्या दिवशी नांदेडला किंवा लातूरला तिरंगा उघडपणे लावता येत नव्हता. हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे. त्यात ८ तेलुगू, ५ मराठी आणि ३ कानडी. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेत होता. तो १६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला. गश्ती ५३ नावाचा हुकूम असा की परवानगीशिवाय सभा घेता येऊ नये. म्हणून लोकांनी वाचनालये काढली, शाळा काढल्या, गणेशोत्सवात व्याख्याने ठेवली. पुण्याची युक्ती येथेही उपयोगी पडली. मंदिराची दुरुस्ती व यज्ञकुंड यांनाही परवानगीचा प्रश्न येई आणि त्यावरून १९३८-३९ साली आर्य समाजाने मोठा सत्याग्रह केला. उदगीरचे भाई श्यामलाल त्या काळात बिदरच्या तुरुंगात मरण पावले. आज आपण ग्रामसभेचा ठराव करून मंदिर बांधू शकलो, याची किंमत कोणी मोजली ते विसरू नये.

स्टेट काँग्रेसचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे होते. ते मूळचे शिक्षक. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांतून त्यांनी माणसे घडविली. ७ ऑगस्ट १९४७ला त्यांनी भारतात सामील व्हा असा दिवस पाळण्याची हाक दिली आणि १५ ऑगस्टलाच ते पुन्हा तुरुंगात गेले. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांची १९४६ सालीच हत्या झाली होती. उमरीची बँक १९४८च्या जानेवारीत फोडण्यात आली आणि तो पैसा लढ्याकडे गेला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील, हेही इतिहासात नमूद आहे. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज संस्थानात शिरली. १७ तारखेस सायंकाळी निजामाने लढाई थांबविल्याचे जाहीर केले. १८ तारखेस त्यांचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली.

आता पाहा, दिवस कोणता धरावा? कागदोपत्री शरणागती १८ची. पण लोकांच्या कानावर सुटकेची बातमी पडली ती १७ला. म्हणून १७ धरली गेली. माझ्या कचेरीतील जुने कागद फसली सनाचे आहेत. फसलीत ५९० मिळविले की इसवी सन निघतो, आणि वर्षाच्या पुढील भागासाठी ५९१ मिळवितात. त्या हिशेबाने तो दिवस फसली १३५७ मधील. वार शुक्रवार. निजामीत आठवड्याची सुटी शुक्रवारचीच असे. आणि पंचांग काढून पाहिले तर भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी! ज्या दिवशी गणपती पाण्यात गेले, त्याच दिवशी निजामी संपली.

एवढा योग जुळून आलेला असता तो दिवस अनंत चतुर्दशीला बांधून टाकता आला असता. कथा तयारच होती. तसे केले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हा सण तारखेचाच राहिला. कारण त्या लढ्यात गणपती मानणारे होते, मूर्ती न मानणारे आर्यसमाजी होते, देव न मानणारे कम्युनिस्ट होते आणि मुसलमानही होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांनी संस्थान भारतात सामील व्हावे असे लिहिले म्हणून १९४८च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांचा खून केला. तिथीला बांधला असता तर त्यांना कोठे बसविणार होतो?

या दिवसाच्या नावाचाही इतिहास आहे. म्हातारी माणसे अजून ‘ॲक्शन’ म्हणतात, त्याआधीच्या काळाला ‘रझाकारी’ म्हणतात. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन हे नाव रुजले. स्वामीजींच्या नावाचे नांदेडचे विद्यापीठही १७ सप्टेंबर १९९४ला स्थापन झाले. पण ह्याच तारखेला कर्नाटकात कलबुर्गीकडे २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव म्हणतात. तेलंगणात २०२२ साली केंद्र शासनाने हैदराबाद मुक्ती दिन केला, तर त्याच दिवशी राज्य शासनाने राष्ट्रीय एकात्मता दिन केला. २०२४ला तेथील नव्या सरकारने त्याला प्रजापालन दिन म्हटले. एक तारीख आणि नावे पाच. मुक्ती म्हटले की कोणापासून, हा प्रश्न येतो. एकात्मता म्हटले की लढा मागे पडतो. विलीनीकरण म्हटले तर सारे राजामहाराजांनीच केले असे वाटते. म्हणून नाव ठरविताना माणसे एवढी भांडतात.

आणि एक गोष्ट आपण ध्वजारोहणाच्या भाषणात सहसा सांगत नाही. ॲक्शननंतर कित्येक गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. केंद्र शासनाने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून नोंदले आणि मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा असा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांनी जाळलेली गावे खरी आणि हेही खरे. हुतात्म्यांचा मान यामुळे रतिभरही कमी होत नाही. स्वामीजींचा लढा निजामाच्या सत्तेशी होता, शेजाऱ्याशी नव्हता. तेव्हा सणाची कथा सांगताना अर्धी पाने फाडून सांगू नये असे मला वाटते. सारा गाव ऐकत बसलेला असतो आणि ज्याचे पान फाडले तोही त्यात असतो.

२०२४ साली पुन्हा तोच योग आला. १७ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी. सकाळी ध्वजारोहण, दुपारनंतर विसर्जन. दोन्ही नीट पार पडले. दोन सण एका दिवशी आले म्हणून एकाने दुसऱ्याला गिळले नाही. अनंत चतुर्दशीची आणखी एक आठवण आपल्या भागाला आहे. १९९३ साली २९ सप्टेंबरला विसर्जन करून लोक दमून झोपले आणि ३०च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. किल्लारी भागात ३० सप्टेंबर हा स्मृतिदिन म्हणून पाळतात. त्याला कोणी पुराण जोडले नाही आणि जोडूही नये. काही दिवसांना नुसते नाव घेऊन उभे राहणे पुरते.

आता आपल्यापुरते

हे सारे ध्यानात घेऊन ग्रामस्थांपुढे माझी नम्र सूचना मांडतो. निर्णय ग्रामसभेचा.

पहिली गोष्ट दिवसाची. महाशिवरात्रीला यात्रा आहेच. परंतु त्या दिवसांत आपल्या गावची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर असतात. दिवाळीनंतर गेलेली बैलगाडी परत येते ती उन्हाळ्यात. मंदिराच्या कामाला त्यांनीही वर्गणी दिली आहे. काहींनी उचल घेऊन दिली आहे. त्यांची नावे फरशीवर कोरायची आणि वर्धापन त्यांच्या पाठीमागे करायचा, हे बरे नव्हे. वैशाख शुद्ध तृतीयेला बहुतेक माणूस गावात असते. कलशारोहणाची तिथीही तीच. शिवाय त्याच दिवशी महात्मा बसवेश्वरांची जयंती असते आणि आपल्या गावातील लिंगायत बांधव ती करतात. दोन मिरवणुका एकमेकींच्या आड येतील अशी भीती काहींना वाटते. १७ सप्टेंबरचे उदाहरण वर दिलेच आहे. सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. श्रमालाच पूजा मानणाऱ्या बसवण्णांच्या दिवशी श्रमातून उभ्या राहिलेल्या मंदिराचा वर्धापन यावा, यात अडचण कसली?

दुसरी गोष्ट कथेची. त्रिपुरासुराची कथा मोठी आहे, पण त्यात राक्षस लागतो. देखाव्यातील राक्षसाला कोणाचा चेहरा, कोणता पेहराव द्यायचा, येथून तंटे लागतात. समुद्रमंथनाची कथा उत्तम, तीही एखाद्या वर्षी घ्यावी. पण मला स्वतःला गंगावतरणाची कथा आपल्या गावाची वाटते. भगीरथाने पिढ्यान्‌पिढ्यांचे काम पुरे केले, गंगा आणली. पण ती सरळ कोसळली असती तर पृथ्वी वाहून गेली असती. महादेवाने तिला जटेत अडविले आणि हळूहळू सोडले. पाणी अडवावे आणि जिरवावे, हेच सरकारी अधिकारी आपल्याला वर्षानुवर्षे सांगत आले! १९७२चा दुष्काळ जुन्या माणसांनी भोगला. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर आपण सर्वांनी पाहिले. आणि अक्षय्य तृतीयेला आपण पूर्वजांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा करा देतोच. दिवस, देव आणि कथा येथे आपोआप जुळतात. ओढूनताणून काही करावे लागत नाही.

तिसरी गोष्ट विधीची. त्या दिवशी प्रत्येक गल्लीने, प्रत्येक वस्तीने आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे एकेक घागर पाणी आणावे आणि सर्व घागरींचे पाणी एकाच रांजणात ओतून त्याचा अभिषेक व्हावा. गावात पाणवठे वेगळे होते तो काळ फार जुना नाही. त्या काळाला यासारखे दुसरे उत्तर नाही. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांना आग्रह करू नये. त्यांचा मान राखून गावजेवणाला व विचारविनिमयाला बोलवावे. रांजणात उरलेले पाणी मंदिराच्या आवारात लावलेल्या झाडांना घालावे. माळकरी मंडळींच्या मतालाही मान देऊन त्याआधी सात दिवस सप्ताह बसला तर त्याच दिवशी काल्याचे कीर्तन येईल.

चौथी गोष्ट नोंदीची. दरवर्षी काय केले, किती जमा, किती खर्च, कोणती कथा लावली हे एका वहीत लिहून ठेवावे व वही मंदिरात राहावी. मी कारकून असल्याने माझा जीव कागदात. देवस्थान इनामाची मुंतखब पाहून हक्क ठरतात आणि एका चिटोऱ्यावरून पिढ्यांचे वाद मिटतात, हे मी रोज पाहतो. पन्नास वर्षांनी आपली नातवंडे विचारतील की हा दिवस का धरला, हे पाणी का ओततात. तेव्हा कोणीतरी चमत्काराची गोष्ट रचून सांगण्यापेक्षा, गावाने बसून, विचार करून, सर्वांना सोयीचा म्हणून हा दिवस धरला, असे त्यांना वाचावयास मिळावे. हीच खरी गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही पुराणापेक्षा कमी नाही.

टिळकांनी, प्रबोधनकारांनी, बाबासाहेबांनी, स्वामीजींच्या माणसांनी आपापले दिवस निवडले ते आपल्या लोकांकडे पाहून. आपले गाव लहान, मंदिर लहान. पण निवड करताना आपणही आपल्या माणसांकडेच पाहावे, विशेषतः जी माणसे बैठकीला नव्हती त्यांच्याकडे. जीर्णोद्धारासाठी ज्यांनी दगड दिला, रेती वाहिली, धान्य दिले, ज्या भगिनींनी पहाटे उठून कामकऱ्यांसाठी भाकरी थापल्या, त्या सर्वांना या निमित्ताने वंदन करून हा लेख श्री महादेवाच्या चरणी अर्पण करतो.

हर हर महादेव!